साबणाने धरलेल्या जागा

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि तुमच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता," म्हणत प्रयोगशाळेच्या मामांनी कप खाली ठेवला. तीस वर्षं इथलं काचसामान धुतलेल्या माणसाला नव्या विद्यार्थ्यांसमोर एवढा रुबाब शोभतोच.

गोष्ट मॅडमच्या डॉक्टरेटची होती, त्या इथे विद्यार्थिनी असतानाची. दोन वर्षं खपून त्यांनी असे रेणू बनवले होते, की ज्यांचं डोकं पाण्यात शिरायला धडपडतं आणि शेपूट पाणी बघून पळ काढतं. पाण्यावर सोडले की ते आपणहून रांगेत उभे राहतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी जवळ ढकलले की त्यांचा पापुद्रा बनतो, आणि त्यातून वीज वाहते. हे परीक्षकांना दुपारी दोनला दाखवायचं होतं. उरलेलं द्रावण जेमतेम तीन थेंब.

सकाळी नुसत्या पाण्यावर पट्ट्या सरकवून पाहिल्या, तर रेणू दाटले की चढणारा दाबाचा काटा सरसर वर. रेणू नाहीत आणि दाब आहे. कुणीतरी पाण्याचा उथळ ट्रफ चकचकीत दिसावा म्हणून भांड्यांच्या साबणाने घासला होता. साबणाचे रेणूही त्याच स्वभावाचे; त्यांनी सगळ्या जागा आधीच धरून ठेवल्या होत्या.

"वॉचमन," मामांनी गुन्हेगाराचाही निकाल लावला.

मॅडम डोकं धरून बसल्या. मामा धुवायला बसले. आधी स्पिरिट, मग शुद्ध पाणी. धुताधुता शुद्ध पाण्याचं यंत्रच कोरडं पडलं. शेजारच्या विभागाचे साहेब पेलाभर पाणी देतील तर शपथ. मामांनी त्यांचा सहा महिने बंद पडलेला पंप दोन लाथांत सुरू केला आणि दोन कॅन उचलून आणले. मग बारीक नळीने पाण्याचा वरचा थर ओढून टाकला. वीसदा. ऐकणाऱ्या एका विद्यार्थ्याने आ वासलेला पाहून चाळीसदा. शेवटी पट्ट्या सरकल्या तरी काटा जागचा हलला नाही.

दोनला परीक्षक आले. मामांनी पंखे बंद केले आणि परीक्षकांना श्वास रोखायला लावला. अकरा मिनिटं. तिन्ही थेंब पडले, काटा हळूहळू, एकसारखा चढत गेला. काचेवर उचललेल्या पापुद्र्यातून वीज वाहिली आणि थोरले परीक्षक टेबलावर चढून टाळ्या पिटू लागले.

केव्हापासून दारात उभ्या असलेल्या मॅडम, आताच्या विभागप्रमुख, आत आल्या.

"परीक्षकांचं टेबलावर चढणं मी सोडून देते," त्या म्हणाल्या. "पाणी तुम्ही आणलंत, माझी डॉक्टरेट तुमच्यामुळे झाली, हे शंभर टक्के खरं. पण मामा, त्या वर्षी आपल्याकडे वॉचमनच नव्हता. किल्ली आपल्या दोघांकडेच असायची, आणि साबण मी तर लावला नव्हता."