गोविंदअण्णांचे ‘लिसन’

गोविंदअण्णा लिहिता लिहिता अर्ध्या शब्दावर टाक थांबवीत, मान डावीकडे कलती करीत आणि कुणीही नसलेल्या दिशेला म्हणत, “हां, बोल.” मग मोजून दहा श्वास ते हलत नसत. आम्हा शिक्षकांना याची सवय झाली होती. नव्या शिपायाने मात्र आठवड्यातच त्यांच्या खोलीत एकट्याने जाणे सोडले.

बेळगावच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवीत. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांतील फरकावर त्यांचा एक संपूर्ण तास खर्ची पडे. बोली मात्र घरचीच. “हिअर हुतंय, लिसन करावं लागतंय. कानाला झाकण न्हाय रं पोरांनो, पडंल ते आत येतंय. पन लक्ष तिकडं धाडलं, तरच लिसन.”

एकदा तपासनीस वर्गात शिरले, तो चाळीस मुले माना कलत्या करून गप्प.

“काय ऐकता?”

पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “अजून काही आलं नाही, सर.”

साहेब शेरा न लिहिताच बाहेर पडले.

पुढे अण्णांना निपाणीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद देऊ केले गेले. उत्तराची मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे मन वळवण्यासाठी मी खासबागेतील त्यांच्या घरी गेलो. ते एकटेच राहत.

“घर सोडवंना, मास्तर,” ते म्हणाले. “साथीच्या साली ही आत तापानं पडलीती. मी हितं वह्या तपासत हुतो. तिनं हाक मारली, ‘अवो, ऐकलंसा का?’ ऐकू आलतं की मला! म्हटलं, एवढी वही संपू दे. संपली, आत गेलो...” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले. “बारा वर्सं लिसन करतोय. एकदा बी हिअर न्हाय.”

समजूत घालण्यासाठी मी तोंड उघडले, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतून बायकी आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

“अवो...”

घरात आम्ही दोघेच होतो. अण्णांना काहीही ऐकू आले नव्हते. माझा चेहरा मात्र त्यांनी पाहिला.

“हाक आली,” मी म्हणालो.

ते आत धावले नाहीत. टेबलाची कड घट्ट धरून त्यांनी विचारले, “रागात हुती का वो?”

“नाही. चुलीवर दूध ठेवून मारावी, तशी.”

टेबलाची कड सोडून ते म्हणाले, “मग जातो मी निपाणीला. पन तिला तुमीच सांगा, मास्तर. माज्यानं व्हायचं न्हाय.”

मी उठलो, आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो आणि वहिनींना सांगितले.