मूळ स्वरूपातील केळी

रेडिओच्या जुन्या हॉलच्या मधोमध उभं राहून प्रेमराजभाऊंनी एक टाळी वाजवली. ती चार टाळ्या होऊन परत आली.

"बाद," ते म्हणाले. तेही चारदा ऐकू आलं.

याच हॉलमध्ये त्यांनी तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलं होतं. तेव्हा भिंतींना काथ्याची जाड अस्तरं होती. पुढे ती वाळवीनं खाल्ली. रेडिओचा कारभार दुसरीकडे गेला, हॉल एका ट्रस्टकडे आला आणि ट्रस्टपुढे दोन अर्ज पडले. प्रेमराजभाऊंचा अर्ज होता, हॉल जपावा, इथे मैफली व्हाव्यात. दुसरा केळीचे व्यापारी शांतीलालशेठ यांचा. हॉलला खिडकी नाही, भिंती हातभर जाड, दारं दुहेरी, तेव्हा केळी पिकवायला याहून चांगली खोली अख्ख्या जळगावात नाही, असं शेठजींचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. ट्रस्टनं पुण्याहून ध्वनितज्ज्ञ परचुरेबाईंना बोलावलं. बाई हो म्हणाल्या तर गाणं, नाही म्हणाल्या तर केळी.

प्रेमराजभाऊंचा जीव त्या हॉलमध्ये अडकला होता. राहतं घर त्यांनी तीनदा बदललं, तेव्हा मागे वळूनही पाहिलं नाही. हॉल गेला असता तर मात्र त्या रस्त्यानं जायची त्यांना हिंमत झाली नसती. त्यांनी शेजाऱ्यांच्या एकवीस गोधड्या मागून आणल्या आणि भिंतींवर टांगल्या. चार टाळ्यांच्या तीन झाल्या. गोधड्या परत गेल्या.

सोमवारी शांतीलालशेठ स्वतःच हॉलवर आले. बाहेर शेहेचाळीस अंश होते.

"प्रेमराजभाऊ, बाई पुण्याच्या. गरमीनंच नापास करून जातील. माझं एक थंडीचं मशीन इथं लावून देतो."

"तुम्ही? तुमचा तर उलटा अर्ज आहे."

"अर्ज अर्जाच्या जागी. माझं चेंबर फुल झालंय, तीनशे क्रेट बाहेर पडलेत. दोन दिवस इथं राहू द्या. बुधवारी सकाळी ट्रक माल उचलेल, बाई येणार दुपारी."

हिशेब सरळ होता. मशीन आलं, पाठोपाठ रावेरची हिरवीगार केळी आली आणि हॉलच्या मधोमध थप्प्या लागल्या.

बुधवारी सकाळी वरणगाव फाट्यावर ट्रकचा पाटा तुटला.

"दुपारपर्यंत काही होत नाही," शेठजी फोनवर म्हणाले. "चार हमाल पाठवतो. पण माल उन्हात नका काढू भाऊ, घंटाभरात काळा पडेल."

बाहेर काढायचा नाही आणि मध्ये ठेवायचा नाही, म्हणून हमालांनी क्रेट चारही भिंतींना लावले, पुरुषभर उंच. प्रेमराजभाऊंनी मांडववाल्याकडून कनात आणून त्यावर ओढली. परीक्षेसाठी गायला त्यांच्या पत्नी वच्छलाबाई बसणार होत्या. त्यांनी कनातीचं टोक वर करून पाहिलं.

"आठे ते बठ्ठी केळीच शेतस. गानं कोन ऐकी?"

"असू दे सगळी केळी. तू गा. बाकी माझं मी बघतो."

परचुरेबाई आल्या. सतरंजीवर वच्छलाबाईंनी ओवी धरली. बाईंनी डोळे मिटले आणि ओवी संपल्यावरही लवकर उघडले नाहीत. मग त्या उठल्या आणि त्यांनी एक टाळी वाजवली.

ती एकच वाजली.

बाईंनी पुन्हा वाजवली. पुन्हा एकच. अस्तरं होती तेव्हा हॉल असाच वागायचा.

"कनातीमागे काय आहे?" बाईंनी विचारलं.

साहित्य, असं सांगायचं प्रेमराजभाऊंच्या मनात होतं. तोंडातून "केळी" आलं.

"कच्ची?"

"हो."

बाईंनी कनात बाजूला केली, एका फणीवर बोटानं टकटक केलं आणि वहीत बराच वेळ लिहिलं. तेवढ्यात बाहेर ट्रक आला आणि सगळा माल उचलून गेला.

आठ दिवसांनी अहवाल आला. हॉल मैफलींसाठी उत्तम असून तो जपलाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मात्र भिंतींलगतची मांडणी मूळ स्वरूपात राखावी: क्रेट तीनशे, केळी कच्ची. पिकून मऊ पडल्यास आवाज बदलेल, सबब वेळोवेळी बदलावी. ट्रस्टनं अहवाल जसाच्या तसा मंजूर केला. प्रेमराजभाऊ धावत हॉलवर गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. चार. तिथून ते तडक शेठजींच्या पेढीवर गेले.

शांतीलालशेठनी अहवाल दोनदा वाचला.

"म्हणजे हॉल तुमचा आणि केळी माझी."

"कायमची," प्रेमराजभाऊ म्हणाले. "हात जोडतो, नाही म्हणू नका."

"माल देतो. भाडंही नको. पण पहिली मैफल माझी."

"म्हणजे खर्च तुमचा?"

"गाणं माझं," शेठजी लाजत म्हणाले. "चाळीस वर्षं मनात आहे. दुकानातून सवड कुठं मिळाली?"

रविवारी हॉल भरला. शेठजी पेटी घेऊन दीड तास गायले. प्रेमराजभाऊ शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. आवाज कुठं घुमत नव्हता, कुठं विरत नव्हता. शेठजींचा प्रत्येक सूर जसा होता तसाच त्यांच्या कानापर्यंत येत होता, आणि हॉलमध्ये खोट काढायला त्यांना तसूभरही जागा सापडेना.