भूमिदेवाच्या पुढ्यातला मदरबोर्ड

"यंदा प्रोसेसर तापणार नाही, अडकणार नाही, आणि माझी बढतीही अडणार नाही!" लिआओनं सकाळी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

तैपेईतल्या त्या कंपनीत मदरबोर्ड बनवता बनवता त्याच्या डोक्यावरचं पीक पार झडलं होतं. अमेरिकेतून येऊ घातलेल्या नव्या प्रोसेसरचा बोर्ड यंदा त्याच्याकडे होता. प्रदर्शनात तो धड चालला, की उपव्यवस्थापकाची खुर्ची! नाहीतर... पण 'नाहीतर'चा विचार लिआओ करत नसे.

गुप्तता तर अशी, की आत शिरताना प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. हा नियमही लिआओचाच!

त्या दिवशी चांद्र महिन्याची सोळावी तिथी, म्हणजे तिथल्या कंपन्यांचा भूमिदेवाच्या पूजेचा दिवस. कंपनीच्या दाराबाहेर, फुटपाथवर, भूमिदेवाचं टेबल मांडलेलं. अननस, बिस्किटं, शीतपेयाचे डबे, उदबत्त्या. लिआओनं फडक्यात गुंडाळलेला बोर्ड आणला आणि फडकं सोडून अननसाशेजारी टेकवला.

"अहो, हे काय?" पूजेचं बघणाऱ्या पेंगबाई दचकल्या.

"देवाला दाखवतोय."

"देवाला काय कळणार त्यातलं?"

"साहेबांना तरी कुठं कळतं? त्यांना दाखवतोच ना!"

लिआओ हातात उदबत्ती धरून, डोळे मिटून उभा राहिला. पेंगबाईंनी नेहमीप्रमाणे फोटो काढला. अध्यक्षांच्या मातोश्रींना तो दर पूजेला लागे. अननस मांडला की नाही, याबाबत त्यांचा पोटच्या पोरावरही भरवसा नव्हता. मातोश्रींनी तो फोटो कौतुकानं आपल्या व्यायाम मंडळाच्या ग्रूपवर टाकला. त्या मंडळातल्या एकीचा जावई नेमका संगणकवेडा निघाला!

दुपारपर्यंत फोटो जगभर. मागच्या उदबत्त्यांचा धूर थेट प्रोसेसरमधून निघाल्यासारखा दिसत होता. "बाजारात येण्याआधीच पेटला!" "सोबत पाण्याची बादली मिळेल का?" एका तज्ज्ञानं तर अननसाला थंड करण्याची नवी यंत्रणा समजून तिची तोंडभर स्तुती केली!

अमेरिकेहून फोन खणखणले. अध्यक्ष चुंगसाहेबांनी लिआओला आत बोलावलं.

"साहेब, धूर उदबत्तीचा आहे, एवढं सांगून टाकू!"

"म्हणजे बोर्ड खरा आहे हे कबूल करू? फोटो कुणी फोडला विचारतील. आईचं नाव सांगू?"

"छे छे! भलतंच!"

"मग बोर्ड आपला नाहीच. तसं निवेदन काढतो."

"झकास, साहेब!" लिआओचा जीव भांड्यात पडला.

"पण फोटोत तू आहेस."

"धुरात चेहरा कुठं दिसतोय?"

"टक्कल दिसतंय."

लिआओचा हात टकलावर गेला. साहेबांनी निवेदन वाचून दाखवलं. 'फोटोतला बोर्ड आमचा नाही. फोटोतला माणूस आमच्या कंपनीत नाही.'

"दोन वाक्यं, लिआओ," साहेब हळहळले. "दोन्ही खोटी असणं बरं दिसत नाही. एक तरी खरं असू दे." आणि त्यांनी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

पेन मात्र स्वतःचं दिलं.