कवडूच्या नखांची खोळ

एका जंगलात एक नदी होती. नदी होती म्हणून दोन काठ होते, आणि दोन काठ होते म्हणून दोन मतं होती.

मुलांनो, बिबट्याचा पंजा तुम्ही जवळून पाहिलाय का? नसेल तर बरंच आहे. बिबट्याच्या प्रत्येक नखावर कातड्याची एक खोळ असते. एरवी नख आत, कामाच्या वेळी बाहेर. मी पंज्याबद्दल बोलतो आहे. मागच्या बाकावरच्या थोरल्या मुलांनी उगाच हसू नये.

अलीकडच्या काठावरचे बिबटे ही खोळ जन्मभर बाळगत. पलीकडे पूर्वी दलदल होती. खोळीत चिखल साचून तिथे नखं सडायची. कुणा शहाण्यानं खोळ कापून पाहिली आणि सडणं खरंच कमी झालं. पुढे दलदल आटली. कापणं मात्र राहिलं. आता त्याला समारंभ म्हणत आणि पंगतीला ससा असे.

अलीकडच्या कवडू नावाच्या बिबट्याचं लग्न पलीकडच्या सगुणाशी ठरलं. कवडूला सगुणा आवडायची. त्याला आपली नखंही आवडायची. या दोन आवडी एकमेकींच्या आड येतील, असं बिचाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

"जावईबापू, लग्नाआधी तेवढी खोळ उतरवून घ्या," सासरे म्हणाले. "कळतसुद्धा नाही."

"पण मुळात ती असते कशासाठी?"

हे सासऱ्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"काढण्यासाठीच असणार," ते म्हणाले. "नाहीतर आपण काढली असती का?"

कवडू आपल्या भिकूकाकांकडे गेला. काका लंगडत. त्यांच्या एका नखाची खोळ तरुणपणीच आवळली होती. नख बाहेर येत नसे आणि पंजा सुजे. थोडी कापली असती तर सुटले असते. पण अलीकडच्या काठानं एकमुखानं सांगितलं होतं, "आपल्यात कापत नाहीत!"

"काका, दुखतं का हो?"

"दुखतं रे. पण ताठ मानेनं दुखतं."

कवडूचं समाधान झालं नाही. शेवटी दोन्ही काठांचा वाद मिटवायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष अस्वल, सदस्य कासव आणि करकोचा वैद्य. तिघांपैकी एकाच्याही नखावर खोळ नव्हती. त्यामुळे समिती निःपक्षपाती आहे, याबद्दल कुणालाच शंका उरली नाही.

"माझी नखं कायम उघडी असतात," अस्वल भर सभेत म्हणालं. "माझं काय अडलं?"

"भाऊसाहेब, तुम्ही मध खाता," कवडू म्हणाला.

"मग?"

"पोळं पळून जात नाही. हरीण जातं. उघडी नखं खडकावर टकटक वाजतात आणि झिजून बोथट होतात. पलीकडची हरणं बघा किती गुटगुटीत झालीत."

पलीकडच्या बिबट्यांनी आपापले पंजे पोटाखाली घेतले.

वैद्यबुवांनी मान लांब केली. "खोळ नसलेल्या पंज्यात चिखल साचत नाही, हे सिद्ध झालेलं आहे."

"आणि पंजा रोज धुतला तर?"

"त्याचा अभ्यास झालेला नाही."

कासव आपल्या पाठीवरच्या खोळीत शिरलं आणि तटस्थ राहिलं.

मग अस्वलानं निर्णय वाचून दाखवला: 'सदर खोळ सर्वथा निरुपयोगी आहे. सबब ती काढण्यात यावी. काढलेली खोळ वैद्यबुवांकडे काळजीपूर्वक जमा करण्यात यावी.'

"निरुपयोगी आहे तर जमा कशाला?" कवडूनं विचारलं.

वैद्यबुवा ढगांकडे बघू लागले. त्यांच्याकडे चेहरा तरुण करण्याचं एक मलम मिळे. ते कशाचं, हे गुपित होतं. ते लावणाऱ्या वानरीणबाईंच्या गालांवर मात्र हल्ली बारीक काळे ठिपके दिसू लागले होते.

"बरं," कवडू म्हणाला. "काकांना त्रास आहे, त्यांची आजच कापा. मला त्रास नाही. पुढेमागे झाला तर माझं मी बघीन."

सभा एकदम पेटली.

"काकाची कापायची नाही!" अलीकडचे ओरडले.

"तुझी ठेवायची नाही!" पलीकडचे ओरडले.

"माझं मी बघीन म्हणजे काय?" दोन्हीकडचे एका सुरात ओरडले. नदी वाहायला लागल्यापासून दोन्ही काठांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"पंजा तुझा असेल," अस्वल गुरगुरलं, "पण प्रश्न समाजाचा आहे!"

"आणि दुखणं?"

"ते ज्याचं त्याचं."

सगळे धावून आले. कवडू सरसर ऐनाच्या झाडावर चढला. पलीकडच्यांनी उड्या मारल्या, पण बोथट नखं सालीवरून घसरली. अलीकडच्यांना चढता आलं असतं. पण नुकतीच झालेली एकी मोडू नये म्हणून तेही खालीच थांबले.

तेवढ्यात झाड हललं. सगुणा वर येत होती. समारंभ फक्त नरांचा असल्यामुळे तिची नखं शाबूत होती.

"मला कुणी विचारलंच नाही," ती फांदीवर टेकत म्हणाली.

"काय विचारायचं?"

"नवरा कसा हवा ते. आमच्याकडचे सगळे मेले खालूनच हाका मारतात. तू थोडा सरक."

कवडू सरकला.

खाली घोषणा चालूच होत्या. त्या गोंधळात भिकूकाका लंगडत वैद्यबुवांपाशी आले आणि त्यांनी हळूच पंजा पुढे केला.

"आटपा लवकर," ते कुजबुजले. "सगळे वर बघतायत."

तात्पर्य: आपल्या कातड्याचा उपयोग काय, हे नेहमी ज्यांना ते नाही त्यांनाच विचारावं. निकाल झटपट लागतो. स्वतः विचार करायची खोड असेल, तर सभेला जाण्यापूर्वी आसपास एखादं उंच झाड आहे ना, एवढं बघून ठेवावं.