मार्कांचं विचारलं की फोन कट

आमचे रेक्टर गव्हाणे सर फोन कापतात. पलीकडच्याचं वाक्य अर्धं असताना, अंगठ्यानं, सरळ. डॉक्टर असो, वकील असो, नगरसेवक असो. लेकराला पहिला प्रश्न मार्कांचा विचारला की कट. मग मोबाइल सदऱ्याला पुसतात, जणू त्याला काही चिकटलं होतं.

परभणीबाहेर जिंतूर रोडला आमची इंटरनॅशनल निवासी शाळा आहे. इंटरनॅशनल म्हणजे फाटकावर बऱ्याच देशांचे झेंडे आहेत आणि बुधवारी मेसमध्ये पास्ता असतो. पोरं त्यावर शेंगदाण्याची चटणी टाकून खातात. चारी बाजूंनी सोयाबीन. मी इथं वेलबीइंग कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे मुलांच्या मनाचं बघणारा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारता सांगतो. आमच्या गावी, झरीला, माझी आई शेजारणींना सांगते, "पोरगं डॉक्टरच हाय, फक्त सुई टोचत न्हाई."

खरं सांगायचं तर दिवसभर पोरांच्या मनाचं बघून संध्याकाळी स्वतःच्या मनाकडं बघायची ताकद राहत नाही. सकाळी तक्त्यावर प्रत्येकानं एक चेहरा चिकटवायचा असतो: हसरा, साधा नाहीतर रडका. रडका चिकटवला की माझ्याकडं बसून बोलावं लागतं, म्हणून सगळे हसराच चिकटवतात. एकदा गव्हाणे सर त्या तक्त्यापुढं हात मागं बांधून उभे राहिले.

"वा रे वा. समदी शाळाच खुशीत हाय. मग उशा कामून वल्ल्या असतेत?"

मला राग आला. पण उशा ओल्या असतात, हे खरं आहे.

सर निवृत्त होईपर्यंत पोखर्णीकडच्या एका शाळेत गणित शिकवत होते. बायको गेली, गावचं घर कुलपात आहे, आणि सर हॉस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, पण आता आकड्याचं नाव काढू देत नाही. पोरांना हजेरी नंबरानं नाही, गावानं हाक मारतात. "ए सेलू, नाक पूस." "ए झरी, चादर झटक." पाथरीची पोरं दोन आहेत, म्हणून एक थोरली पाथरी, एक धाकटी. सकाळी किती वाजले तेही सांगत नाहीत. "दूधवाला येऊन गेला, उठा," एवढंच.

रविवारी दुपारी घरी फोन करायचा दिवस. हॉस्टेलचा एकच मोबाइल, तोही स्पीकरवर. व्हरांड्यात पोरांची रांग आणि खुर्चीवर सर. आधी ते स्वतः बोलत आणि पालकाचीच तयारी करून घेत.

"हां, बोला. काय केलं आज घरी? शेपू? मग ते सांगा लेकराला. म्हशीचं सांगा, आजीच्या गुडघ्याचं सांगा. अभ्यासाचं इचारू नका, त्याच्यासाठी आमी हाओत इथं."

ऐकणारे ऐकत. न ऐकणाऱ्यांचा फोन कट.

सातवीतला सोहम जिंतूरचा. त्याच्या वडिलांचं खत-बियाण्याचं मोठं दुकान, संस्थेच्या अध्यक्षांबरोबर रोजची ऊठबस. एका रविवारी त्यांनी सरांचं पुरतं ऐकूनच घेतलं नाही.

"हॅलो, सोहम? गणितात किती पडले?"

कट.

पुन्हा घंटी. "अरे कट कसा झाला? किती पडले म्हणलं—"

कट.

"कोण कापायलंय फोन?" तिसऱ्यांदा आवाज असा आला की रांग दोन पावलं मागं सरली.

"मी," सर म्हणाले. "आन् आता पुन्हा कापायलोय."

सोमवारी जिंतूरहून गाडी आली. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये सोहमचे वडील उभ्यानंच बोलत होते. "माझ्या पोराशी काय बोलायचं ते हा माणूस ठरवणार?"

"बोला की हो," सर म्हणाले. "पण पोराशी बोला. तुमी गुणपत्रिकेशी बोलायलात."

मॅडमनी डोळे मिटून कपाळ चोळलं. निकाल लागला: रविवारचा फोन यापुढं माझ्याकडं, कुणाचाही कापायचा नाही, आणि पुन्हा तक्रार आली तर सरांनी खोली रिकामी करायची. सरांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "चार्जरचं वायर ढिलं हाय. खाली टॉवेलाची घडी लावून ठेव."

मला वाटलं, बरं झालं. आता सगळं पद्धतशीर होईल.

आणि झालंही. पहिल्याच रविवारी सोहमच्या वडिलांनी सगळे विषय ओळीनं विचारले, सोहमनं सगळे सांगितले, आणि शेवटी "बरंय. बरंय. बरंय," म्हणून फोन ठेवला. त्याच्या मागचा तसाच, त्याच्या मागचाही. कधी नव्हे ती रांग चहाच्या आधी संपली. सर मेसच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. वर बघितलं नाही.

पुढच्या रविवारी सोहमचं पोट दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी सोहमचं, थोरल्या पाथरीचं, सेलूचं आणि आणखी निम्म्या रांगेचं. मी मनाच्या विषयात एम.ए. केलेला माणूस, पोटाचं काय करावं ते मला सुचेना.

"पुन्हा पोट?" पलीकडून सोहमचे वडील म्हणाले. मग दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. "सर... ते म्हातारे सर हायेत का? द्या त्यांच्याकडं. काय इचारायचं ते त्यांनीच सांगावं."

मी मेसच्या पायरीवर गेलो. सरांनी मेथीचे हात झटकले, मोबाइल सदऱ्याला पुसला.

"बोला. काय केलं आज घरी?"

"माहीत न्हाई हो. मी दुकानात हाय."

"मग घरात जाऊन बघून या. मी धरतो फोन."

सोहम पोट न धरता पळत आला. त्या दिवशी बापलेक पिठल्यावर बोलले. पिठल्यावर एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मॅडमच्या कानावर गेलं. रविवारची खुर्ची पुन्हा सरांकडं गेली, ती त्यांनी राहू दिली.

त्याच संध्याकाळी सर उरलेली मेथी निवडत असताना त्यांच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. पुण्याहून त्यांचा मुलगा. सर खांबाकडं तोंड करून उभे राहिले, पण त्या फोनचा आवाज गावभर जातो.

"शुगर किती? उपाशीपोटी? आणि जेवल्यावर? बीपी?"

सर फळ्यापुढं उभं केलेल्या पोरासारखे एकेक आकडा सांगत गेले. शेवटी म्हणाले, "बरंय. बरंय. बरंय." फोन खिशात ठेवला. पुसला नाही.

"दर रविवारी येतो?" मी विचारलं.

"हौ. लय पक्का हाय." मेथीची एक काडी उचलून त्यांनी तिची पानं तोडली. "तो परभणीला हॉस्टेलात होता तवा मी बी असाच पक्का होतो."

पुढच्या रविवारी रांग लागलेली असतानाच तो फोन वाजला. सर खुर्चीतून उठायच्या आत मी त्यांच्या हातातून घेतला.

"हॅलो बाबा, शुगर कि—"

कट.

"काय केलंस रे हे?" सर म्हणाले. तेवढ्यात पुन्हा वाजला.

"नमस्कार," मी म्हणालो, "शाळेतून बोलतोय. इथला नियम आहे, आकडे विचारायचे नाहीत. रिपोर्ट मी पाठवत जाईन. तुम्ही घरी काय केलंय ते सांगा."

पलीकडं भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग हळूच, "खिचडी लावलीय. खाली लागली जरा."

मी फोन सरांच्या हातात दिला.

"खाली लागली? अरे पाणी किती घातलंस?"

"सर!" सोहम रांगेतून ओरडला. "आकडा इचारला!"

सरांनी जीभ चावली. खांबाला टेकले, आमच्याकडं पाठ केली. "बरं, ऱ्हाऊ दे. काय काय टाकलंस ते सांग. सावकाश सांग."

पहिला नंबर सोहमचा होता. तिकडं त्याचे वडील दुकान सोडून घरी जाऊन बसले असणार. "थांबशील का थोडं?" मी त्याला विचारलं.

"थांबतो की," तो खाली बसत म्हणाला. "सरांचं आत्ता कुठं खिचडीवर आलंय."