नाव मिटवायचे घरगुती उपाय

मंगळवारी दुपारी हेमराज कापडाच्या दुकानात गादीवर बसून अनोळखी लोकांना एक प्रश्न विचारत होता. मोबाईलवर त्याने एकेक अक्षर जपून लिहिलं, "पितळेच्या भांड्यावर घातलेलं नाव कसं मिटवावं? घरगुती उपाय सांगा. जरा घाई आहे."

घाई अशी की शनिवारी लाखांदूरला त्याच्या बायकोच्या, रेणूच्या, मामेबहिणीचं लग्न होतं. त्या नवरीला, रुचिकाला, काय द्यायचं यावर आठवडाभर खल झाला आणि शेवटी माळ्यावरचा पाण्याचा पितळी गुंड खाली आला. चांगला जाडजूड, बुटका. असा गुंड आता मिळत नाही, असं हेमराजची आई जानकीबाई वर्षातून चारदा तरी सांगे. घरात फिल्टर लागल्यापासून तो नुसता पडून होता. अडचण एवढीच की गुंडाच्या गळ्याशी ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सौ. मंदाबाई इश्वर हेडाऊ, मु. एकोडी, यांजकडून सप्रेम भेट.' मंदाबाई म्हणजे हेमराजची आत्या. बारा वर्षांपूर्वी हेमराजच्या लग्नात तिनेच तो दिला होता.

भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावात राहून हे मोबाईलला कशाला विचारायचं, असं कुणी म्हणेल. पण भांडेबाजारात नाव घालणारे देवाजी चाळीस वर्षांपासून छिन्नी-हातोडी घेऊन बसत. कुणाचं भांडं कुणाकडे गेलं हे त्यांना तोंडपाठ होतं आणि तोंड मिटून बसायची त्यांना अजिबात सवय नव्हती. त्यात येत्या रविवारी मंदाआत्या मुलीकडची माणसं घेऊन येणार होती, हेमराजच्या धाकट्या भावासाठी, अंकुशसाठी. तीन वर्षांत अकरा ठिकाणी नकार पचवून बिचारा आता लग्नाचं नाव काढलं की जेवणावरून उठायचा. हे बारावं स्थळ केवळ आत्याच्या शब्दावर साक्षगंधापर्यंत, म्हणजे साखरपुड्यापर्यंत, आलं होतं. आपण दिलेला गुंड भाचा परस्पर दुसरीकडे देतोय हे तिला कळलं असतं, तर तिने रविवारी बसच पकडली नसती.

म्हणून हेमराजने चाळीस हजार परक्या माणसांचा 'घरोघरच्या अडचणी' हा ग्रुप गाठला आणि स्वतःचं नाव 'शांत सागर' ठेवलं.

पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं. "नाव का मिटवायचं आहे?"

दुसरं आलं, "चोरीचं आहे का?"

तिसऱ्या बाईंनी लिहिलं, "दादा, घटस्फोट हा उपाय नाही. दोघं बसून बोला."

हेमराजने कपाळावर हात मारला. "घटस्फोट नाही. फक्त नाव मिटवायचं आहे," असं त्याने लिहिलं. त्यावर एका गृहस्थाने मुंजीत मिळालेल्या आणि हरवलेल्या तांब्याची हकिगत सांगितली, दोघं पितळ चांगलं की स्टील यावर एकमेकांची अक्कल काढू लागले आणि एकाने विचारलं, "केवढ्याला द्याल?" एका बाईंनी मात्र चिंच, विटेची पूड आणि वरून पॉलिश पेपर असा उपाय लिहिला. त्याच्याखाली लगेच पंचवीस जणांचा एकच हट्ट सुरू झाला, "फोटो टाका. फोटो बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

हेमराज गुपचूप घरी जाऊन फोटो काढून आला. नाव दिसू नये म्हणून त्याने त्यावर अंगठा धरला होता.

"अंगठा काढा," वीस जण म्हणाले.

"अंगठ्यावर तो आडवा व्रण कसला? डॉक्टरला दाखवा," एकविसावा म्हणाला.

"अहो, गुंडाचं विचारून राहिलो मी!" हेमराज दुकानात एकटाच ओरडला. लुगडं बघत बसलेल्या गिऱ्हाईक बाईंनी घडी होती तशी ठेवली आणि चपला घातल्या.

तेवढ्यात कुणीतरी फोटो मोठा करून पाहिला. "अंगठ्याच्या बाजूला 'मु. एकोडी' दिसतंय. साकोलीजवळची एकोडी का? आमची मैत्रीण डिंपल तिथली सून आहे. डिंपल, बघ गं."

डिंपल ही मंदाआत्याचीच सून. ती हजर झाली आणि तिने लिहिलं, "हा गुंड कोणाच्या घरचा हाय? आमच्या सासूबाई असेच गुंड देतात."

हेमराजने प्रश्न काढून टाकला, फोटो काढून टाकला, खुद्द शांत सागरलाही काढून टाकलं. आता सुटलो म्हणून तो पाणी प्यायला, तर फोन वाजला.

"हेमराज, मी मंदाआत्या बोलतो. अरे, कोनीतरी माह्या गुंडावरचं नाव घासून राहिला म्हनते!"

"काय सांगतेस आत्या! कोन असंन असा?"

"तेच तं पायतो. मी तीन लग्नात गुंड देल्ले. डिंपलनं दोघाइले फोन केला, त्याइचे जागेवर हायेत. आता तुहाच रायला. उद्या सकाळच्या बसनं येतो अन् पाहून जातो."

"तू कायले तरास घेतेस? आमचा तं माळ्यावर आहे."

"मंग उतरवून ठेव," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

हेमराजने दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर घराकडे पिटाळली. अजून काही बिघडलं नव्हतं. नाव जागेवर होतं, गुंड घरात होता, उद्या आत्याला दाखवला की झालं. तो अंगणात शिरला तर रेणू पदर खोचून, घामाघूम होऊन उभी. समोर धुण्याच्या दगडावर गुंड पालथा वाळत घातलेला, सोन्यासारखा लखलखत होता. हेमराजने तो उचलून गळा पाहिला. नाव गेलं होतं. एक वेलांटीसुद्धा उरली नव्हती.

"हे काय केलंस तू?"

"तुमच्याच ग्रुपवर तं सांगून राहिले होते. चिंच, वीट, मंग पॉलिश पेपर. घंटाभर घासलं मी. हात पाहा माहे."

"तू काहून वाचलंस?"

"चाळीस हजार लोक वाचून राहिले, अन् बायकोनंच नाही वाचाचं का?"

हेमराज मटकन पायरीवर बसला. ओसरीत जानकीबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, पालथ्या गुंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. जानकीबाईंचं लक्ष सगळीकडे असे. घरातल्या प्रत्येक भांड्यावर त्या दोन ठिकाणी नाव घालून घेत, एक वर, लोकांना दिसायला, आणि एक बुडाला, भांडं हरवलं तर शोधायला.

संध्याकाळी हेमराजने नवीन नाव घेऊन ग्रुपवर नवीन प्रश्न टाकला, "पितळेवर नाव घरच्या घरी कसं घालावं?" पहिलंच उत्तर आलं, "दुपारी एक जण मिटवत होता, त्याला विचारा."

शेवटी बुधवारी उजाडताच गोणपाटात गुंड गुंडाळून तो भांडेबाजारात देवाजींसमोर उभा राहिला.

"मोबाईलवर इचारलंस म्हने," देवाजी वर न पाहता म्हणाले. "मी काय येथं माशा माराले बसलो का?"

"चुकलं, काका. जसं होतं तसं नाव घालून द्या. आत्या बसमधी बसली असंन."

देवाजींनी गुंड मांडीवर घेतला, फिरवला, पालथा केला आणि मिशीतल्या मिशीत हसले. "अन् बुडाचं काय करू?"

"बुडाचं राहू द्या हो! वरचं करा लवकर."

"बरं बाप्पा. तुही मर्जी."

आत्या साडेदहाला आली. तिने पाणी घेतलं नाही, खुर्चीवर टेकली नाही. मधल्या खोलीत पाटावर गुंड ठेवला होता. तिने नाव वाचलं, त्यावरून बोट फिरवलं.

"नाव तं हाय," आत्या म्हणाली.

"मी म्हटलंच होतं ना, आत्या."

"हेमराज, उजव्या हाताचा अंगठा दाखव."

हेमराजचा हात आपोआप पाठीमागे गेला.

"पाचवीत होता तू. एकोडीले धान कापाले आला अन् इळा मारून घेतला. हळद कोनं भरली? मी भरली. अन् तोच अंगठा माह्या नावावर ठेवून दुनियेले इचारतेस का नाव कसं मिटवाचं? डिंपलनं फोटो दाखवला तवाच मी वळखलो. पन म्हटलं पोरगा तोंडानं सांगंन. तं हा नाव घालून आनते!"

"आत्या, माफ कर. पन अंकुशचं..."

"रविवारचं राहू दे," आत्या म्हणाली. "जेथं माह्या नावाची अशी किंमत, तेथं मी कोनाची पोरगी कोन्या तोंडानं आनू?"

दारात उभा असलेला अंकुश आत निघून गेला. ते पाहून हेमराजला आपल्या त्या अंगठ्याचा मनापासून राग आला.

तेव्हा कोपऱ्यात आजही डाळ निवडत बसलेल्या जानकीबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. त्यांनी पदराने हात पुसले, पाटावरचा गुंड दोन्ही हातांनी धरला आणि अलगद पालथा केला.

"मंदा," त्या म्हणाल्या, "हे पाय."

रेणूने घासून लख्ख केलेल्या बुडावर बारीक, जुनी अक्षरं चमकत होती. 'सौ. जानकीबाई लक्ष्मणराव, भंडारा. चि. सौ. कां. मंदा हिचे लग्नात.'

आत्याने ते एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांपूर्वी वहिनीने आपल्याला दिलेला गुंड आपण नाव बदलून तिच्याच पोराच्या लग्नात तिच्याच घरी आणून दिला होता, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

"वयनी," ती खुर्चीवर बसत म्हणाली, "चाय ठेवजो."

"ठेवलाच हाय," जानकीबाई म्हणाल्या.

दोन कप चहा झाल्यावर आत्याने रविवारच्या पाहुण्यांना पोहे द्यावे की उपमा, हे विचारलं. आतून अंकुश लगेच "पोहे" म्हणाला. दोन घास चिवडा खाल्ल्यावर गुंड रुचिकालाच द्यावा, असंही आत्याने सांगितलं. निघताना दारात तिने हेमराजला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"अन् त्या लोकाइले कायले इचारत बसलास? मले इचाराचं ना. देवाजीले पान खाऊ घालाचं, तो घासून देते अन् कोनाजवळ बोलत नाही. फकत बूड पाहून घ्याचं. मी तेवढंच पायलो नाही."