म्हातारा शुक्रवारी एकटा असतो

"एकच कार्ड हरवलंय ना? चार हजार आहेत तुझ्याकडे," बायको म्हणाली.

"अगं, पण अख्खा कट त्याच कार्डावर आहे!" इतिहासकाराने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं.

कट साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. एका राजाला त्याच्याच प्रधानाने कसं संपवलं, यावर हा गृहस्थ अकरा वर्षं पुस्तक लिहीत होता. त्या घराण्यात बाप, मुलगा आणि नातू एकाच नावाचे, म्हणून कार्डांवर तो नावं लिहीतच नसे. राजा तो 'म्हातारा' आणि प्रधानाच्या बाजूचे ते 'आपले'. कार्डं म्हणजे विद्यापीठातल्या त्याच्या विभागाच्या जुन्या सूचनांचे पाठकोरे कागद. पुस्तक पुरं झाल्याशिवाय बढती नाही, असं विभागप्रमुख दरवर्षी बजावत. लिहून झालेली प्रकरणं मात्र त्यांच्या टेबलावर न उघडता पडून होती. ती त्यांनी वाचली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

हरवलेलं कार्ड विभागातल्या झेरॉक्स मशीनवर राहिलं होतं. कारकूनबाईंनी ते पाहिलं, मागे विभागप्रमुखांची सही दिसली, म्हणून त्यांनाच नेऊन दिलं. विभागप्रमुखांनी ते उलटलं.

'म्हातारा शुक्रवारी एकटा असतो. आचारी आपला झाला. पहारेकरीही. डोळे काढावेत, की सुपातून विष? विष सोपं.'

"अक्षर कुणाचं हे?" विभागप्रमुखांचा आवाज चिरकला.

"बढतीवाल्या सरांचं."

विभागप्रमुख खिडकीशी गेले. खाली इतिहासकार कँटीनच्या आचाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून विचारत होता, "काका, कडू चव कशात लपते हो?"

"मसालेदार सुपात," काकांनी दिलखुलासपणे सांगितलं.

त्या दिवसापासून विभागप्रमुखांनी कँटीनचं पाणीसुद्धा सोडलं. वर्गातही ते काळा गॉगल लावून शिकवू लागले. बढतीच्या समितीची बैठक नेमकी शुक्रवारी होती. तिला ते दोन मेव्हण्यांना घेऊन आले.

"यांना बढती द्या. आत्ताच्या आत्ता," ते म्हणाले.

इतिहासकार भाबडा. "पण सर, पुस्तक अजून..."

"पुस्तक राहू द्या हो! माणसाचा जीव महत्त्वाचा!"

सोमवारी कारकूनबाईंनी त्याला कार्ड परत दिलं आणि घडलेलं सांगितलं. तो खुलासा करायला धावत विभागप्रमुखांच्या खोलीत गेला, तर खुर्ची रिकामी.

"सकाळीच राजीनामा दिला त्यांनी," बाई म्हणाल्या. "बढतीमुळे आता तुम्हीच प्रमुख. बसा ना."

आधी त्याला फार वाईट वाटलं. मग तो बसला. खुर्ची मऊ होती. अकरा वर्षांत त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून आचारीकाका आत आले. "अभिनंदन, साहेब! तुमच्यासाठी खास बनवलंय. मसालेदार सूप."

इतिहासकाराचा चमचा वाटीवरच थांबला. शेवटच्या प्रकरणाचं कार्ड त्याच्या खिशातच होतं आणि त्याला ते तोंडपाठ होतं: 'वर्षभराने त्याच आचाऱ्याने तेच सूप प्रधानाला पाजलं.'

"बाई," तो हळूच म्हणाला, "जरा बसता का इथे? आणि शुक्रवारी सुट्टी घेऊ नका हं."

मग त्याने फोन उचलला आणि बायकोला विचारलं, "अगं, आपल्याकडे काळा गॉगल आहे का?"